थ्रो बॅग: दोरी ठरली, पिशवी शिवून झाली

कुंडलिका नदीवर न्यायच्या थ्रो बॅगचं, म्हणजे वाहत चाललेल्या माणसाकडे फेकायच्या दोरीभरल्या पिशवीचं, काम बरंच पुढे सरकलंय. खरा वेळ खाल्ला तो दोरीने. नायलॉन मजबूत, पण पाण्यात बुडतं. बुडालेली दोरी दगडांत अडकते आणि वाहत चाललेल्या माणसाला दिसतही नाही. म्हणून पॉलिप्रॉपिलीन, ते तरंगतं. त्यातही दुकानात पहिल्यांदा हातात येते ती पिळाची निळी-हिरवी दोरी, मासेमारीच्या होड्यांवर असते तसली. ती घेऊ नका. कडक असते, पिशवीतून निघताना वेटोळी सोडत नाही आणि ओल्या तळव्याची सालटी काढते. विणलेली, मऊ, ८ मिमी जाडीची मिळवा. ६ मिमीची हलकी पडते खरी, पण प्रवाहाचा ताण आला की मुठीत धरवत नाही. मी १८ मीटर घेतली.

पिशवी जुन्या सॅकच्या कापडाची. व्यास १३ सेंमी, उंची २५. कडेला जाळीची पट्टी, म्हणजे पाणी निथळतं आणि दोरी कुजकट वास मारत नाही. बुडाशी फोमची चकती. स्पंज चालणार नाही, तो पाणी पितो. योगा मॅटसारखा बंद छिद्रांचा फोम हवा. चकतीच्या मधोमध आणि कापडातल्या आयलेटमधून (कडी बसवलेल्या भोकातून) दोरी बाहेर काढून आठाची गाठ मारली, बाहेर हातात मावेल एवढाच फास ठेवला. दुसरं टोक, म्हणजे काठावरच्या माणसाकडचं, साफ. ना गाठ, ना फास. सुटून गेलेल्या दोरीच्या टोकाला गाठ असली की ती कपारीत हमखास रुतते.

दोरी गुंडाळून भरायची नाही, मुठीमुठीने कोंबायची. दिसायला गचाळ, पण फेकली की सरळ सुटते. मैदानात खालून हात घेऊन फेकल्यावर बऱ्यापैकी लांब जातेय. नेम माणसावर नाही, त्याच्या थोडा पलीकडे, म्हणजे दोरी अंगावर पडते. नेम चुकला तर पुन्हा कोंबत बसायला वेळ नसतो. दोरी ओढून सैल वेटोळी हातात घ्यायची, पिशवीत थोडं पाणी भरायचं आणि वजनावर परत फेकायची. याचा सराव अजून कच्चा आहे.

भिऱ्याच्या वीजघरातून कुंडलिकेत पाणी सुटतं तेवढ्याच वेळात नदीवर चाचणी घेता येईल, तीही आधी शांत पट्ट्यात.

वाचवणाऱ्याच्या कमरेचा झटक्यात सुटणारा पट्टा मात्र घरी शिवणार नाही. ताणाखाली तो सुटलाच पाहिजे, आणि त्याची खात्री माझ्या शिलाई मशीनला देता येत नाही.