पोटमाळ्याची जाळीबंदी: शाकारणीपासून भात घरात येईपर्यंतच्या नोंदी

घर दक्षिण रत्नागिरीतलं, जांभ्याच्या भिंतींचं. बाहेरून 9 बाय 7 मीटर. दुपाखी मंगलोरी कौलं, खाली तक्तपोशी, म्हणजे फळ्यांचं छत, आणि मधे पोटमाळा. आढ्याखाली दीड मीटर उंची आहे, वळचणीकडे मात्र पोटावर सरपटत जावं लागतं. उंदीर राहतो तो नेमका त्याच टोकाला.

मुद्दा आधीच सांगून टाकतो. उंदीर अडवायला म्हणून कौलारू छप्पर कधीच पूर्ण बंद होत नाही, आणि करूही नये. हवा अडली की वासे कुजतात. म्हणून कौलांच्या फटी बुजवत बसण्यापेक्षा भिंतीच्या माथ्यावर, वळचणीला जाळीची एक सलग रेघ ओढायची आणि वारा तसाच राहू द्यायचा.

मार्च, तिसरा आठवडा

आधी येतंय कोण ते बघितलं. लेंड्या सेंटिमीटरभर लांब, दोन्ही टोकांना निमुळत्या, म्हणजे काळा उंदीर, वाशांवरून पळणारा. तांदळाएवढ्या किंवा त्याहून लहान असत्या तर घरातला छोटा उंदीर. पालीच्या लेंडीला टोकाशी पांढरा ठिपका असतो. वटवाघळाची लेंडी काडीने दाबली की भुगा होते आणि त्यात किड्यांचे पंख चमकतात. हे न बघता खर्चाला लागलं की पैसे वटवाघळांवर जातात.

मग प्लायच्या 20 बाय 30 सेंमीच्या सहा तुकड्यांवर रांगोळीची पूड चाळणीने पसरली, थर नखाइतकाही जाड नाही. दोन तुकडे भिंतीच्या माथ्यावर, तीन तुळयांवर, एक जिन्याच्या तोंडाशी. सकाळी पुढच्या पायाची चार बोटं, मागच्याची पाच आणि मधे शेपटीची रेघ. तीन रात्रींत ठरलं: वाट दोन्ही वळचणींतून आणि पूर्वेच्या त्रिकोणी भिंतीतल्या झरोक्यातून. तुळईच्या कडेला तेलकट काळा पट्टा होताच. रोज त्याच वाटेने अंग घासून गेलं की तो पडतो.

माळ्यावरच्या आठळ्या, सुपारी आणि सोलं झाकणाच्या पत्र्याच्या डब्यांत गेली. हे न करता पिंजरा लावण्यात अर्थ नाही. समोर सुपारीची रास असताना भज्याकडे कोण बघतो?

एप्रिल, पहिला पंधरवडा

साफसफाई. कोरडा झाडू अजिबात नाही. एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी फवारून दहा मिनिटं थांबायचं, मग ओल्या फडक्याने उचलायचं. हातात रबरी मोजे, तोंडाला मास्क. उंदराच्या मुतातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) हा आजार पसरतो आणि कोकणात पावसाळ्यात तो नवलाचा नाही.

सापळे सहा, चापाचे. काळा उंदीर नव्या वस्तूला बिचकतो, म्हणून पहिल्या चार रात्री चाप न ओढता नुसतं भाजलेलं सुकं खोबरं ठेवलं. पाचव्या रात्री चाप ओढले. भिंतीला काटकोनात, चापाचं तोंड भिंतीकडे. तुळयांवरचे बाइंडिंग तारेने बांधलेले, नाहीतर अर्धवट अडकलेला उंदीर चापासकट वळचणीत जातो आणि आठवडाभर घरात कुबट वास. विष टाळलं ते त्याच कारणाने. ब्रोमॅडिओलोन या उंदराच्या विषाने उंदीर काही दिवसांनी मरतो आणि कुठे मरेल ते आपल्या हातात नसतं, बहुतेकदा तक्तपोशीच्या फळीखाली. शिवाय तो उंदीर घुबडाने किंवा धामणीने खाल्ला की आपला फुकटचा राखणदारही जातो.

झरोक्याला जाळी मारण्याआधी आत घुबडाचं घरटं नाही हे टॉर्च मारून बघा.

एप्रिल अखेर, शाकारणी

हे काम फक्त याच आठवड्यात होतं, कारण शाकारणीत, म्हणजे पावसाळ्याआधी कौलं काढून पुन्हा लावताना, वळचणीच्या दोन ओळींची कौलं उतरलेली असतात.

जाळी: पाव इंची वेल्डमेश, 22 गेज, वेल्डिंगनंतर जस्त चढवलेली. 4 फूट रुंद आणि 50 फूट लांब असा एक गुंडाळा. तो फूटभराच्या चार पट्ट्यांत कापला की 60 मीटर मिळतात. दोन्ही वळचणी मिळून 18 मीटर, उरलेलं त्रिकोणी भिंतींना आणि जोत्याला. वासे 45 सेंमीवर असल्याने एका बाजूला दोन वाशांमधले असे वीस गाळे. प्रत्येक गाळ्याला 45 सेंमीचा तुकडा, दोन्ही बाजूंनी साडेतीन सेंमी दुमडून वाशाच्या अंगाला यू-खिळे दर 5 सेंमीवर. चाळीस गाळ्यांना आठशेच्या आसपास खिळे लागले. खालची कड भिंतीच्या माथ्यावर 1:3 सिमेंट-वाळूत दाबली.

चूक वरच्या कडेला होते. जाळी रिपेला, म्हणजे कौल जिच्यावर टेकतं त्या आडव्या पट्टीला, ठोकली की काम झालं असं वाटतं. पण कौल रिपेवर सपाट बसत नाही. त्याच्या पन्हळीखाली दोन सेंमीचा बोगदा राहतो आणि उंदीर रिपेच्या डोक्यावरून निवांत आत येतो. म्हणून जाळी रिपेवरून पलीकडे 8 सेंमी काढायची, दुहेरी घडी घालून हाताने कुस्करायची आणि वर कौल बसवायचं. कौलाच्या वजनाने ती पन्हळीचा आकार घेते. कौल डगडगलं तर घडी जास्त झाली, दोन सेंमी कमी करा. जोर देऊन दाबलं तर कौलाची नाकपट्टी, म्हणजे रिपेत अडकणारा उंचवटा, तुटते.

वेगवेगळ्या कारखान्यांची कौलं एका ओळीत मिसळू नयेत. खाचा जुळत नाहीत आणि बोटभर फट राहते. फुटकी बदलायला जुन्याच छापाची शोधावी लागतात.

माप सोपं आहे. पेन्सिल शिरली तर छोटा उंदीर शिरतो. सव्वा सेंटिमीटरची फट असली तर मोठाही.

मे

फसलेल्या गोष्टी. षटकोनी कोंबडी-जाळी गेल्या वर्षी एका वळचणीला होती. भोकं मोठी, तार बारीक, दोन ठिकाणी फाकवून रस्ता केलेला. फोम फवारून भरलेली फट चार दिवसांत कुरतडली. फोम हवा रोखतो, दात नाही. भांडी घासायची साधी लोखंडी तार एका पावसाळ्यात गंजून पूड झाली. भरायचीच तर स्टेनलेस स्टीलची, आणि वर सिमेंटचा लेप.

विजेची वायर भिंतीत शिरते त्या पाइपात धातूची कुठलीच तार भरू नये. मेन बंद करून एम-सील भरलं.

वळचणीवर आलेली आंब्याची फांदी छपरापासून दोन मीटर मागे छाटली. काळा उंदीर मीटरभर आडवी उडी सहज मारतो. दोन माडांना जमिनीपासून 2 मीटरवर 40 सेंमी रुंद गुळगुळीत पत्रा गुंडाळला. पत्र्याच्या जोडाची कड उभी उघडी राहिली तर तीच शिडी होते, म्हणून जोड पाच सेंमी चढवून ठोकायचा.

जून ते सप्टेंबर

रांगोळी दर पंधरा दिवसांनी. जुलैत एकदा उत्तरेच्या बाजूला पावलं दिसली, कारण वाऱ्याने एक कौल सरकलं होतं. जाळी जागेवर होती, पण पाऊस आत आला. ओल्या रांगोळीचं पीठ होतं आणि काहीच वाचता येत नाही. पावसाळ्यात तुकडे गळतीपासून लांब ठेवा.

जोत्याच्या मागच्या बाजूला मुठीएवढं बीळ, तोंडाशी ताज्या मातीचा ढीग. ही घूस. ती माळ्यावर येत नाही, जोतं पोखरते. तिच्यासाठी जाळी जोत्याला टेकवून 30 सेंमी खाली आणि तिथून 30 सेंमी बाहेर काटकोनात पुरली. सरळ पुरलेली जाळी घूस खालून पार करते. बाहेर वळवली की ती जोत्याशीच खणत राहते आणि पुन्हा जाळीवरच आपटते. मोरीच्या पाइपाला सुटी जाळी बसवली, गाळ काढायला उघडता येईल अशी.

नोव्हेंबर-डिसेंबर

कापणी झाली की शेतातले उंदीर घराकडे वळतात, खरी परीक्षा हीच. भात कणगीत भरलं त्या दिवसापासून सलग सात रात्री रांगोळी ठेवली. वळचणीचे सगळे तुकडे कोरे. जिन्याच्या तोंडाशी दोन रात्री छोट्या उंदराची पावलं होती. तो माजघरातून, दाराच्या उंबऱ्याखालच्या फटीतून येत होता. तिथे दाराच्या खालच्या कडेला आतून 10 सेंमीची पत्र्याची पट्टी ठोकली.

पूर्वेच्या झरोक्याची जाळी लाकडी चौकटीत नुसती खिळ्यांवर आहे, आणि खारट हवेने दोन खिळ्यांची डोकी आत्ताच लाल झाली आहेत. तिथे स्टेनलेसचे स्क्रू पुढच्या शाकारणीला.