नावाशेजारचा छोटा क्रॉस

मी पेन्सिल्व्हेनियात लँकेस्टरजवळ एका हिस्टॉरिकल सोसायटीच्या लायब्ररीत काम करते, आठ वर्षं झाली. पुण्यात मॅक्समुल्लर भवनात जर्मन शिकले होते त्याचा इथे उपयोग झाला, कारण या भागातल्या निम्म्या लोकांचे पूर्वज अठराव्या शतकात ऱ्हाईन नदीच्या काठावरून आलेले आणि त्यांचे जुने कागद सगळे जर्मनमधे. लोक येतात, आमचा खापरपणजोबा शोधून द्या म्हणतात. रोजचंच काम आहे. पण फेब्रुवारीतला एक बुधवार मात्र डोक्यातून जात नाही म्हणून लिहून काढतेय.

बाहेर बर्फ पडत होता, वाटलं आज कोणी फिरकणार नाही. साडेदहाला एक आजोबा आले, ऐंशीच्या आसपासचे, शेतकरी माणूस, बरोबर मुलगी. हातात ही जाडजूड फाइल. आडनाव सांगत नाही, इथल्या फोनबुकमधे त्या आडनावाची पानंच्या पानं भरतात एवढं समजा. त्यांचं काम अगदी छोटं होतं. पूर्वज सापडलेला होता, जर्मनीतल्या क्राइखगाऊ भागातलं गाव सापडलेलं होतं, १७२६ चा जन्म, १७४९ साली जहाजाने फिलाडेल्फियात आला, इंटरनेटवरच्या पन्नासेक वंशावळींत हेच लिहिलेलं. मे महिन्यात बापलेक जर्मनीला जाणार होते, तिकिटं काढून झालेली. मूळ चर्चच्या वहीतली बाप्तिस्म्याची नोंद तेवढी वाचून प्रिंट काढून द्या, फ्रेम करायचीय, बस.

चर्चच्या वह्या स्कॅन करून ठेवलेली एक जर्मन साइट आहे, आर्खिऑन, तिची मेंबरशिप आमच्याकडे आहे. पाच मिनिटांत पान उघडलं. ही जुनी जर्मन लिपी, कुरेंट म्हणतात तिला, वाचायला सवय लागते, e आणि n जवळजवळ सारखेच दिसतात, u ओळखायचा तर वर एक छोटी वेलांटी असते तेवढीच खूण. मी आधी मोडी शिकलेली असल्यामुळे मला हे जड गेलं नाही, तिथेही हात न उचलता लिहिलेल्या ओळीत अक्षर कुठे संपतं ते नजरेनेच पकडायचं असतं. नोंद होती. नाव तेच, योहान गेऑर्ग. बापाचं नाव, आईचं नाव, धर्मपिता कोण (बाप्तिस्म्याच्या वेळी मुलाची जबाबदारी घेणारा), सगळं होतं.

आणि नावाच्या शेजारी, समासात, एक बारीकसा क्रॉस.

ज्यांनी या वह्या पाहिल्यात त्यांना माहितीय तो क्रॉस काय असतो. मूल वारलं की पाद्री मागे जाऊन बाप्तिस्म्याच्या नोंदीपाशी तो काढून ठेवायचे, सगळेच नाही पण बरेच जण. मी काही न बोलता दफनाच्या नोंदींची पानं काढली. १७२९ मधे मिळाला. तेच नाव, तोच बाप, वय दोन वर्षं आणि काही महिने.

आजोबा माझ्या मागेच खुर्ची ओढून बसले होते, स्क्रीनकडे बघत होते आणि त्यांना त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं. मुलगी विचारत होती रंगीत प्रिंट मिळेल का. अशा वेळी काय बोलायचं हे आठ वर्षांत मला कोणी शिकवलेलं नाही. मी सरळ सांगितलं, की हा मुलगा दोन वर्षांचा असताना गेलाय, हा तुमचा पूर्वज असू शकत नाही. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. बराच वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, मी पंधरा वर्षं या पोराच्या वाढदिवसाला घरात मेणबत्ती लावतोय.

मला राग आला होता, त्यांच्यावर नाही, त्या पन्नास वंशावळींवर. एकाने कधीतरी फक्त नाव जुळतंय म्हणून गाव चिकटवलं, बाकीच्यांनी कॉपी केलं, पुढचं पान उलटून बघितलं असतं तर अर्ध्या तासाचं काम होतं. अहो योहान हे नाव तिथे घरातल्या चारही भावांना असायचं, हाक मारायची ती दुसऱ्या नावाने, मग एकाच नावाची दहा माणसं दहा गावांत निघणारच की.

आपल्याकडे कसं, त्र्यंबकेश्वरला गेलं की तीर्थोपाध्याय पहिलं विचारतात गाव कुठलं, आडनाव काय, आणि नामावळीतून चार पिढ्या काढून देतात. माझ्या आजोबांची सही मी तशीच पाहिलीय. म्हणजे गाव हातात असतं, तिथून माणूस शोधायचा. इथे बरोब्बर उलटं आहे, माणूस हातात असतो आणि गावच हरवलेलं असतं. १७२७ पासून १७७५ पर्यंत फिलाडेल्फियात उतरणाऱ्या जर्मन लोकांकडून इंग्लंडच्या राजाशी एकनिष्ठ राहण्याची शपथ घेत आणि सह्या घेत, त्या याद्या टिकल्यात हे आमचं भाग्य, पण त्यात सोळा वर्षांवरचे पुरुषच, बायकापोरं सही करत नव्हती, आणि जवळजवळ कोणाच्याच नावापुढे गाव नाही. बहुतेक सगळे आपले सरसकट 'पॅलाटाइन', म्हणजे ऱ्हाईनकाठच्या पॅलाटिनेट प्रांतातले. कप्तानाच्या यादीत तर इंग्रजी कानाला जे ऐकू आलं ते लिहिलेलं, ग चा क, ब चा प, द चा त.

मी विचारलं, फाइलमधे अजून काय काय आहे. मृत्युपत्राची झेरॉक्स होती, काउंटीच्या कोर्टातून काढलेली, खाली त्या माणसाची स्वतःची जर्मन सही. मी उठून स्ट्रासबर्गर आणि हिंके यांनी याच याद्या छापलेले १९३४ सालचे खंड आणले, त्यातल्या दुसऱ्या खंडात शपथेच्या सह्यांचे जसेच्या तसे फोटो छापलेत. या नावाची तीन माणसं निघाली. पहिला १७३८ चा, त्याला लिहिता येत नव्हतं, कारकुनाने नाव लिहून दिलंय आणि त्याने नुसती खूण केलीय. दुसरा १७४९ चा, तो वंशावळीतला. तिसरा १७५२ चा.

मृत्युपत्र मधे ठेवलं, भिंग घेतलं. आडनावाच्या पहिल्या अक्षराला माणूस कसा हात घालतो ते बदलत नाही, म्हातारपणी हात कापतो, रेघ तुटते, पण वळण तेच राहतं. १७४९ वाल्याचं वळण सरळ खाली. १७५२ वाला अक्षराच्या डोक्यावरून एक मोठा फास टाकून मग खाली येतो आणि शेवटच्या अक्षराची शेपटी परत मागे ओढतो. मृत्युपत्रातही तोच फास, तीच शेपटी, जवळजवळ चाळीस वर्षांनी, थरथरत्या हाताने. मी काहीच बोलले नाही, पुस्तक आणि झेरॉक्स दोन्ही आजोबांसमोर सरकवलं. त्यांनी पण स्वतःच बोट ठेवलं. १७५२ वर.

आता गाव. त्याच जहाजाच्या यादीत त्याच्या बरोबर वरची सही एका विचित्र आडनावाच्या माणसाची होती, असं आडनाव जे दहा गावांत सापडत नाही. हे नाव मी कुठेतरी वाचलं होतं. श्टोव्हर नावाचा एक लुथरन पाद्री इकडे लँकेस्टर-लेबनॉन भागात फिरून बाप्तिस्मे करायचा, लग्नं लावायचा आणि वहीत लिहून ठेवायचा, ती वही काढली तर आजोबांच्या पूर्वजाच्या पहिल्या मुलीचा धर्मपिता हाच माणूस. आता धर्मपिता कोणी वाटेवरच्याला करत नाही, भावकीतला नाहीतर गावातलाच. मी नेहमी सगळ्यांना सांगते की नाव शोधू नका, शेजारी शोधा.

त्या दिवशी वेळ संपली, पाच वाजले होते आणि रस्ते बंद व्हायला लागलेले. पुढचं काम मी तीन आठवडे घरी रात्री बसून केलं. त्या विचित्र आडनावावरून गाव मिळालं, पहिल्या गावापासून साधारण तीस किलोमीटरवर. आणि तिथल्या वहीत आमचा योहान गेऑर्ग होता. आजोबांकडे थडग्याच्या दगडाचा फोटो होता, त्याच्यावर मृत्यूची तारीख आणि वय, इतकी वर्षं, इतके महिने, इतके दिवस असं कोरलेलं, त्यावरून मी मागे मोजत गेले तर जी जन्मतारीख येते त्याच्या दुसऱ्याच दिवशी बाप्तिस्मा. तेव्हा एक-दोन दिवसांतच उरकायचे. क्रॉस नव्हता. नोंदीखाली दुसऱ्या शाईत पाद्रीने लिहिलेलं, 'पेन्सिल्व्हेनियात गेला'. रात्रीचा एक वाजला होता, नवऱ्याला उठवून दाखवलं मी ते.

दुसऱ्या दिवशी आजोबांना फोन केला. आले. ती ओळ मी त्यांना तीनदा वाचून दाखवली, आधी जर्मनमधे, मग इंग्रजीत, मग परत जर्मनमधे, कारण त्यांनीच सांगितलं. मुलीने लगेच फोनवर नकाशा काढला, गाडी कुठे बदलायची वगैरे. मी रंगीत प्रिंट काढून हातात दिली. ते निघाले, दारापर्यंत गेले आणि परत आले.

म्हणाले, त्या लहान पोराची पण एक काढून द्याल का. क्रॉसवाली.

मी दोन्ही पानं काढून दिली, बाप्तिस्म्याचं आणि दफनाचं, मागे पेन्सिलने तारखा लिहिल्या. हेही सांगितलं की थडगं शोधू नका, जर्मनीत काही वर्षांनी ती जागा दुसऱ्याला देतात, अठराव्या शतकातलं साध्या घरातल्या मुलाचं काही शिल्लक नसेल. त्यांनी कागद नीट दुमडून कोटाच्या आतल्या खिशात ठेवले.

"चर्च तरी आहे ना?"

"आहे," म्हणलं. "चर्च आहे."