आईच्या पगाराला पगार म्हणायचं नसतं

डिग्री हातात येऊन आता बरेच महिने झालेत, तरी घरी कुणी पाहुणा आला की प्रश्न तोच, "पब्लिक पॉलिसी म्हणजे नक्की काय शिकलीस गं?" बाबा परस्पर "कलेक्टरच्या लाइनचंच असतंय" असं सांगून मोकळे होतात. आधी मी नीट समजावून सांगायचे, आता सरळ उठून चहा ठेवते.

खरं सांगायचं तर पहिलं वर्षभर मलाही ते माहीत नव्हतं. बार्शी तालुक्यातल्या गावातून उठून मुंबईत आले, २०२३ च्या पावसाळ्यात, हॉस्टेलच्या खोलीत एक दिल्लीची आणि एक केरळची, दोघी चांगल्या, पण रात्री गप्पा निघाल्या की बजेट, फेडरलिझम, वेल्फेअर असलं सगळं इंग्रजीतून इतकं सहज बोलायच्या की मी मोबाईलमध्ये डोकं खुपसून बसायचे. वर्गात तर विचारूच नका. स्टेकहोल्डर, इंटरव्हेन्शन, लास्ट माइल. हा लास्ट माइल, म्हणजे योजना लोकांच्या दारात पोचायचा शेवटचा टप्पा, हा शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर आमच्या गावाच्या फाट्यावरून आत जाणारा रस्ता आला, ज्या रस्त्यावरून आई रोज अंगणवाडीत जाते. पण मी वर्गात बोलले नाही. आई काय करते असं कुणी विचारलं तर "टीचर आहे" म्हणायचे. आता लिहिताना लाज वाटते, तेव्हा वाटायची नाही, उलट बरं वाटायचं.

आई अंगणवाडी सेविका आहे, बावीस-तेवीस वर्षं झाली. माझं निम्मं लहानपण तिच्या रजिस्टरांमध्ये गेलं. अकरा रजिस्टरं असायची, आणि माझं अक्षर चांगलं म्हणून सातवी-आठवीपासून वाढीचा तक्ता भरायचं काम माझ्याकडं. चौकटीतल्या हुकाला काटा टांगायचा, खाली झोळी, झोळीत बसवलेलं पोर जीव खाऊन ओरडतंय, काटा गरगर हलतोय, मदतनीस मावशी पोराला खुळखुळा दाखवतायत आणि आई मान वाकडी करून आकडा वाचतीय, "नऊशे... नाही, आठशे धर." मी तक्त्यावर टिंब द्यायचे. हिरव्या पट्ट्यात, पिवळ्यात, कधी लाल, म्हणजे वजन फारच कमी. लालमध्ये टिंब पडलं की आई दोन मिनिटं गप्प बसायची, कारण आता त्या घरी जायचं, पोराच्या आजीचं ऐकून घ्यायचं, वर मुख्यसेविका बाईंना, म्हणजे सुपरवायझरला, उत्तर द्यायचं.

तर झालं असं की पहिल्याच सेमिस्टरला पॉलिसी मेमो, म्हणजे सरकारनं काय करावं ते सुचवणारं टिपण, लिहायला सांगितला, दोन पानांचा, विषय आपणच निवडायचा. मला वाटलं बाकीचे पुस्तकात वाचून लिहिणार, मी तर आतली माणूस! मी लिहिलं की सेविकांना कामगिरीनुसार प्रोत्साहन भत्ता द्यावा, म्हणजे जितकी मुलं लालमधून पिवळ्यात आणि पिवळ्यातून हिरव्यात आणली तितके पैसे जास्त. खाली सॉफ्टवेअरमधून काढलेला एक ग्राफ चिकटवला. सरांना फार आवडला, त्यांनी तो वर्गात वाचून दाखवला, एकदम क्रिस्प आहे म्हणाले. हवेत होते मी आठवडाभर.

दिवाळीला घरी गेले तेव्हा आई ओसरीवर तूर निवडत बसली होती. तिला मेमो मराठीत सांगितला. ती सूप हलवत ऐकत होती.

"म्हणजे लालमधलं पोर पिवळ्यात गेलं की पैसे?"

"हां."

"मग जाईल की. पेन माझ्याच हातात आहे."

मी म्हटलं अगं पण असं खोटं कोण लिहील, तर तिनं माझ्याकडं बघितलं नुसतं. मग म्हणाली, "आणि वस्तीवरच्या सुनंदाचं काय करणार तू? तिच्याकडची निम्मी घरं ऊसतोडीला जातात. पोरं आत्ता गेली की उन्हाळ्यात वाळून परत येतात. तिनं काय करायचं, कारखान्यावर जाऊन खाऊ घालायचं? तिला शून्य रुपये का?" सूप आपटलं आणि आत गेली. (नाव बदललंय, पण बाई खरी आहे.)

दोन वाक्यांत माझा मेमो संपला, आणि मला रागच आला तिचा, हे कबूल करते.

राग गेला तो त्या सुट्टीत तिचं पासबुक भरून आणलं तेव्हा. त्या वर्षी सेविकांचे १०,००० झाले होते, आधी ८,३२५ होते. मी सहज म्हटलं, "पगार वाढलाय की," तर ती म्हणाली, "पगार नाही म्हणायचं, मानधन. मीटिंगमध्ये पगार म्हटलं तर बाई हसतात." मानधन हा शब्द मी लहानपणापासून हजारदा ऐकलाय, पण शब्दाकडं बघितलं असं त्या दिवशी पहिल्यांदा. मान म्हणून दिलेलं धन. कीर्तनकाराला देतात, कवीसंमेलनाला आलेल्या कवीला देतात, आणि सकाळी उठून शंभर घरांचा सर्व्हे करणाऱ्या, लसीकरणाच्या दिवशी पोरं गोळा करणाऱ्या, निवडणुकीच्या आधी याद्या हातात घेऊन फिरणाऱ्या बाईलाही तेच.

मुंबईला परत आल्यावर मी वाचायला लागले, अभ्यासक्रमातलं नाही, आपलं आपलं. अंगणवाडीची ही योजना, एकात्मिक बालविकास योजना, सुरू झाली १९७५ च्या २ ऑक्टोबरला, आणि सेविका 'मानसेवी' धरलेली, म्हणजे गावातली बाई थोडा वेळ काढून समाजसेवा करणार असा हिशोब. पन्नास वर्षं झाली, कामं वाढत गेली, हिशोब तोच. केंद्रानं २०१८ च्या ऑक्टोबरपासून दर ठरवला ४,५००, त्यातही केंद्र-राज्य ६०:४०, वरचं राज्य घालतं म्हणून आईचा आकडा बरा दिसतो. २००६ साली सुप्रीम कोर्टानं कर्नाटकातल्या अमीरबी नावाच्या अंगणवाडी कार्यकर्तीच्या प्रकरणात सांगितलं की हे नागरी सेवेतलं पद नाही. मग २०२२ च्या एप्रिलमध्ये गुजरातच्या मणिबेन भारियांच्या प्रकरणात त्याच कोर्टानं सांगितलं की १९७२ चा ग्रॅच्युइटीचा कायदा यांना लागू होतो. निकाल देणारे न्यायमूर्ती दोन, अजय रस्तोगी आणि आपल्याकडचे अभय ओक. रात्री दीड वाजता हॉस्टेलच्या कॉरिडॉरमध्ये बसून मी तो निकाल वाचला, खोलीत लाइट लावली की दिल्लीवाली उठते म्हणून. या बायांची नावं कायद्याच्या पुस्तकात गेली आणि मी वर्गात आईचं कामसुद्धा सांगत नव्हते.

आणि एक गोष्ट आठवली ती बोचतेच. २०१८ चा मार्च, माझी बारावीची परीक्षा चालू. आईनं विचारलं, "मेस्मा म्हणजे काय गं?" मी म्हटलं माहीत नाही, मला वाचू दे. अंगणवाडीच्या बायांना मेस्मा लावला होता सरकारनं, म्हणजे अत्यावश्यक सेवा, संप करायचा नाही. विधानसभेत गदारोळ झाला आणि मग स्थगिती मिळाली, हे मला सहा वर्षांनी लायब्ररीत कळलं. म्हणजे कर्मचारी म्हणायचं नाही, पण संपाला बसली तर सेवा अत्यावश्यक. दिवाळीला बोनस नाही, कारण बोनस कामगाराला असतो, त्याऐवजी २,००० रुपये, आणि त्याचं नाव काय, तर भाऊबीज भेट! माझ्या केरळच्या रूममेटला हे मी भाषांतर करून सांगायला गेले, भाऊ बहिणीला ओवाळणी देतो ना तशी सरकार देतं, ती म्हणाली म्हणजे गव्हर्नमेंट इज युअर मदर्स ब्रदर? मी हसले आणि मग हसायचं थांबले.

२०२३ च्या ४ डिसेंबरला अंगणवाडीच्या बायांचा संप सुरू झाला. राज्यभर. मागण्या साध्या होत्या, शासकीय कर्मचाऱ्याचा दर्जा, सेविकेला २६,०००, ग्रॅच्युइटी, पेन्शन. पन्नासहून जास्त दिवस चालला, कामावर या नाहीतर काढू अशा नोटिसाही ठिकठिकाणी निघाल्या. आईच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज नवी अफवा. ती एवढंच म्हणायची, "सगळ्या बसल्यात तर मी पण बसले."

जानेवारीत एका सकाळी साडेसहाला फोन, "आम्ही मुंबईत आहोत." कुर्डुवाडीहून सिद्धेश्वरनं रात्री बसून आल्या होत्या, जनरलच्या डब्यात, पंधरा-सोळा जणी. मी लेक्चर सोडलं आणि आझाद मैदानावर गेले. मैदानाच्या समोरून मी शंभर वेळा गेले असेन, फॅशन स्ट्रीटला जाताना, आत कधी पाऊल टाकलं नव्हतं. आत हजारो बाया. कोल्हापूरच्या, नाशिककडच्या, पालघरच्या. माझी आई मला सापडेना, सगळ्याच आईसारख्या दिसत होत्या.

सापडली तेव्हा पहिलं काय विचारलं असेल? "संडास कुठं आहे इथं बरा?" सकाळपासून पाणी प्यायल्या नव्हत्या त्या. रांगा एवढ्या होत्या की एकदा गेलं की तासाभरानं परत. मी त्यांना पाच-पाचच्या टोळीनं सीएसएमटी स्टेशनवर नेऊन आणलं, दिवसभरात चार चकरा, आणि राजकारणातलं माझं पहिलं काम हेच आहे असं मी आजही सांगते. मध्येच फडक्यातून भाकरी निघाल्या, ठेचा, शेंगदाण्याची चटणी, रात्रीच्या प्रवासानं भाकरी वातड झाली होती पण सगळ्यांनी खाल्ली. स्टेजवर भाषण चालू होतं त्याकडं आमच्या गटाचं फारसं लक्ष नव्हतं, एकीच्या नातवाला ताप होता त्याची चौकशी, दुसरीचं मोबाईलवरचं ॲप लॉगआउट झालं म्हणून ती कावलेली. मग एकदम घोषणा आली आणि माझी आई, जी घरात बाबांशीही मोठ्यानं बोलत नाही, तिनं मूठ वर करून असा आवाज काढला की मी दचकले. शेजारची मावशी म्हणाली, "तुझी आई आमच्या बीटची पुढारी आहे, तुला माहीत नाही होय?"

नव्हतं माहीत. (बीट म्हणजे एका मुख्यसेविकेखालच्या अंगणवाड्यांचा गट.)

संध्याकाळी त्यांना गाडीत बसवून हॉस्टेलवर आले तेव्हा मेसमध्ये आमच्या बॅचचे पाचसहा जण बसलेले. एकानं विचारलं कुठं होतीस, मी म्हटलं आझाद मैदानात, माझी आई अंगणवाडी सेविका आहे, संपावर आहे. त्यानं लगेच विचारलं की तिचा इंटरव्ह्यू घेता येईल का, त्याच्या डिझर्टेशनला फील्ड डेटा हवाय. काय बोलणार!

पुढच्या सेमिस्टरला डेटाच्या कोर्समध्ये एनएफएचएस-५, म्हणजे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी, आलं. महाराष्ट्रात पाच वर्षांखालची ३६.१ टक्के मुलं कमी वजनाची, ३५.२ टक्के खुजी. अंगणवाड्यांतून वर जाणाऱ्या अहवालात कमी वजनाची मुलं यापेक्षा खूपच कमी दिसतात. वर्गात चर्चा झाली की फरक का, सॅम्पलिंग, वयोगट, मोजमापातली चूक वगैरे. या वेळी मी हात वर केला. हलणारा काटा सांगितला, लाल टिंब पडल्यावर खालच्या बाईलाच जाब द्यावा लागतो हे सांगितलं, पेन कुणाच्या हातात असतं ते सांगितलं. माझं इंग्रजी तीनदा अडखळलं. माझा पहिला मेमो चुकीचा होता हेही सांगितलं, सर मान डोलवत होते, त्यांना तो मेमो आठवत नसावा.

२०२४ च्या उन्हाळ्यानंतर घरी थोडे दिवस होते तेव्हा लाडकी बहीणचे फॉर्म सुरू झाले. अंगणवाडीसमोर रांग, आई आणि मी दोघी मोबाईल घेऊन बसलेलो, आधार, बँक, हमीपत्र, नेट गेलं की परत पहिल्यापासून. पात्र फॉर्ममागं सेविकेला ५० रुपये ठरले होते. रांगेतल्या बायांच्या तोंडावरचा आनंद खरा होता, तो मी बघितलाय, १,५०० रुपये हातात येणं म्हणजे काय असतं ते शहरात बसून 'रेवडी' म्हणणाऱ्यांना कळत नाही. आणि त्या बायांचा फॉर्म भरणारी बाई सरकारची कर्मचारी नाही हेही मला एकाच वेळी दिसत होतं. दोन्ही गोष्टी खऱ्या, आणि या दोन्ही एका वाक्यात कशा लिहायच्या ते मला अजून जमलेलं नाही.

ऑक्टोबरमध्ये मानधन वाढलं, १३,००० झालं. त्याच्यावर २,००० पर्यंत प्रोत्साहन भत्ता, निकषांप्रमाणे. जीआर वाचताना कान गरम झाले माझे, जणू तो दोन पानांचा मेमो कुणीतरी मंत्रालयात नेऊन दिला होता. आईला फोन केला तर म्हणाली, "वाढले ते घ्यायचे, बाकीचं बघू."

शेवटच्या सेमिस्टरला मी तो मेमो परत लिहिला. या वेळी मराठीत. ग्रॅच्युइटीचा निकाल, २०१३ च्या ४५ व्या भारतीय श्रम परिषदेची शिफारस की सरकारी योजनांतल्या सेविकांसारख्या कर्मचाऱ्यांना कामगार माना, आणि ऊसतोडीला जाणाऱ्या घरांचं काय करायचं, वगैरे मिळून पाच मुद्दे. पीडीएफ आईला पाठवली, तिनं ती बीटच्या मीटिंगमध्ये सगळ्यांना दाखवली. रात्री व्हॉइस नोट आली, चार मिनिटांची, मागं मिक्सर चालू. तिसरा मुद्दा काढून टाक, आमच्यात असं कुणी बोलत नाही. मदतनीसांचं काहीच लिहिलं नाहीस, त्या रुसल्यात. आणि अक्षर मोठं कर, चष्म्याशिवाय कुणाला दिसंना.