तोंडाशी आलेले बेट

३८ सागरी मैल ही शिडाच्या होडीची एका दिवसाची, तीही आरामाची, मजल. प्रवाळ बेटांमध्ये मात्र निघण्याची वेळ अंतरावरून ठरत नाही. ती पोहोचण्याच्या वेळेवरून मागे मोजत आणावी लागते. पाण्याखालचा प्रवाळ केवळ रंगावरून ओळखता येतो: गडद निळे म्हणजे खोल, फिरोजी म्हणजे उथळ वाळू, तपकिरी म्हणजे खडक. सूर्य उंच आणि पाठीमागे असल्याखेरीज हे रंग नीट दिसत नाहीत. म्हणून सफरीला आलेल्या पाहुण्यांना घेऊन सकाळी सहाला निघून साडेबाराला पुढच्या बेटाशी पोहोचायचे, असे मी ठरवले होते.

पहिली चूक माझीच होती. नांगराच्या साखळीला अंतराअंतरावर तरंगते गोळे बांधले, तर ती तळापासून उचललेली राहते आणि प्रवाळही मोडत नाही. आदल्या संध्याकाळी मी त्याचा कंटाळा केला. रात्री वारा फिरला, साखळी खडकाभोवती गुंडाळली गेली आणि ती सोडवण्यासाठी सहकाऱ्याला अडीच तास बुड्या माराव्या लागल्या. पुढचा प्रवास सुरेख झाला, त्यामुळे त्याविषयी सांगण्यासारखे काही नाही.

तीन वाजता आम्ही लगूनच्या, म्हणजे प्रवाळाच्या कडेने वेढलेल्या पाण्याच्या, तोंडाशी होतो. भरतीच्या तक्त्यानुसार पाणी आत शिरायला हवे होते. प्रत्यक्षात ते चार-पाच नॉटने, म्हणजे ताशी चार-पाच सागरी मैलांनी, बाहेर धावत होते आणि तोंडात उभ्या लाटा उसळत होत्या. चार दिवस दक्षिणेची लाट प्रवाळकडेवरून पलीकडच्या बाजूने आत सांडत होती, आणि भरलेल्या लगूनला रिकामे व्हायला हेच एक दार होते. हे तक्ते दूरच्या बंदरावरून गणलेले असतात. त्यांना चंद्र कळतो, लाट कळत नाही.

बाहेर नांगर टाकून थांबण्याचीही सोय नसते. ज्वालामुखीचे बेट खचत जाते आणि त्याच्या कडेने प्रवाळ वर वाढत राहतो, हे डार्विनने १८४२ साली मांडले. १९५२ साली पॅसिफिकमधल्या एनिवेटोक या प्रवाळ बेटावर खोल छिद्रे पाडली, तेव्हा सुमारे १,४०० मीटरवर ज्वालामुखीचा खडक लागला. नांगर टाकू पाहणाऱ्यासाठी त्याचा अर्थ एवढाच, की कडेपासून जरा दूर गेले की तळ हाती लागत नाही.

पाचला पाण्याची ओढ दोन नॉटवर आली. सूर्य पाठीशी होता, पण इतका खाली की पाण्यावर नुसती करडी चकाकी दिसत होती. आत मुक्कामाच्या जागेपर्यंत दोन मैल होते आणि नकाशाचा तो भाग मोजणीअभावी कोरा होता. मी होडी वळवली. त्याच वेळी एक कॅटमरान, म्हणजे दोन सांगाड्यांची होडी, उपग्रहचित्रावर आखलेल्या रेषेने सरळ आत गेली आणि तिच्या स्किपरने रेडिओवरून सांगितले, "मागोमाग या." पाहुण्यांनी ते ऐकले. पाहुण्यांना समुद्र हवा असतो, त्याचे वेळापत्रक नको असते.

शिडे आखडून आणि सुकाणू एका बाजूला बांधून आम्ही सहा मैल बाहेर आळीपाळीने पहारा देत रात्र काढली. सकाळी साडेसातला पाणी शांत होते, परंतु तोंड पश्चिमेला, म्हणजे आत जाताना ऊन थेट डोळ्यांत. पुढचे शांत पाणी दोन वाजता. एका रात्रीच्या सावधगिरीची किंमत अर्ध्या दिवसाने वाढली, हे पाहुण्यांना पटवणे मला जमले नाही.

दोनला सहकारी पोलराइज्ड चष्मा लावून डोलकाठीवर चढला आणि आम्ही कॅटमरानने पाठवलेल्या रेषेने आत शिरलो. रेषेच्या डावीकडे जेमतेम दहा मीटरवर एक तपकिरी खडक होता. नंतर छोट्या बोटीतून जाऊन मोजले, तर त्यावर १.८ मीटर पाणी भरले. कॅटमरानला १.२ मीटर पुरते, आमच्या होडीला २.१ लागते. भर समुद्रात दहा मीटरांची चूक होडीच्या उपग्रहयंत्राचीही असू शकते, तेव्हा आदल्या दिवशी आम्ही त्याच्यावर चढलो असतो की बाजूने निघून गेलो असतो, हे ठरवता येत नाही.

सहकाऱ्याचे म्हणणे निराळे आहे. तो खडक पांढऱ्या वाळूवर आहे, आणि पाच वाजताही डोलकाठीवरून तो आपल्याला दिसला असता, असे तो म्हणतो. मी त्याला तेव्हा वर चढायला सांगितलेच नव्हते.