पट्टी बदलताना अडकणारा षड्ज: सुटला एकदाचा!

सापडलं! कीबोर्ड आणि आयपॅडच्या माझ्या मांडणीत गेले तीन आठवडे ज्या अडकलेल्या, हात उचलला तरी न थांबणाऱ्या सुराने डोकं खाल्लं होतं, त्याचं मूळ काल रात्री साडेअकराला हाती लागलं. दोष केबलचा नव्हता, कीबोर्ड आयपॅडला जोडणाऱ्या हबचा नव्हता, स्ट्रिंग्जच्या ॲपचाही नव्हता. माझाच होता, मीच लिहिलेल्या सहा ओळींच्या स्क्रिप्टचा. "अडॅप्टर बदला, सुटेल" म्हणणाऱ्या मित्रांनो, दोन अडॅप्टर घेऊन झाले. तुमची आठवण म्हणून ड्रॉवरमध्ये जपून ठेवले आहेत.

मांडणी मागच्या पोस्टमधलीच. 61 कीचा कीबोर्ड, आयपॅडवर ऑम (आवाजाची ॲप्स एकत्र जोडणारं मिक्सर ॲप), डावीकडे स्ट्रिंग्ज (व्हायोलिनच्या ताफ्याचा आवाज), उजवीकडे पेटी, आणि स्प्लिट, म्हणजे दोघांमधली हद्द, मिडीच्या (वाद्यं एकमेकांशी बोलतात त्या भाषेच्या) 54 आकड्यावर. त्या पोस्टमध्ये मी 'सी3' लिहून घोळ घातला आणि निम्म्या वाचकांचा स्प्लिट एक सप्तक सरकला. मधल्या सीला, म्हणजे मिडीच्या 60 ला, यामाहा सी3 म्हणते आणि रोलँड सी4. इथून पुढे फक्त आकडे. 54 एवढ्यासाठी, की मी काळी एकची बोटं धरून वाजवतो, मध्य सा 61 वर. 60 ला कापलं तर मंद्र धैवत-पंचम स्ट्रिंग्जच्या पदरात पडतात, आणि भावगीतात पेटीला मंद्र पंचम नाही म्हणजे जेवणात मीठ नाही. बाकी सगळ्या पट्ट्या ट्रान्सपोजने, म्हणजे माझी ती सहा ओळींची स्क्रिप्ट प्रत्येक सुराचा आकडा हवा तेवढा वर-खाली सरकवते. पेटीवाले नाक मुरडतात, मुरडोत. स्केल चेंजर पेटी घेऊन बसणारे तरी वेगळं काय करतात? ते लाकूड सरकवतात, मी आकडा सरकवतो.

आता दुखणं. घरी तासन् तास वाजवलं तरी काही नाही. दिवाळी पहाटच्या तालमीला गेलो की दोन-तीन गाण्यांनंतर डावीकडचा एक सूर अडकायचा तो अडकायचाच. हात वर, सूर धरून ठेवणाऱ्या सस्टेन पेडलवरून पाय बाजूला, तरी स्ट्रिंग्ज चालूच. पहिल्यांदा झालं तेव्हा तबलजींनी मान वळवून विचारलं, "माझा तबला काळी चारला लागलाय. तुमचं यंत्र अजून काळी एकलाच का रेंगाळतंय?" मी हसण्यावारी नेलं. त्या एका वाक्यात अख्खं उत्तर होतं, आणि मला ते कळायला तीन आठवडे लागले.

घरी होत नाही, तालमीत होतं, म्हणजे तिथल्या विजेत काहीतरी गडबड, हा माझा पहिला शोध. हॉलमधला प्लग सोडून पॉवर बँकेवर चालवलं. तरी तेच. मग हब. ज्या दुकानातून घेतला तो दुकानदार म्हणाला, "साहेब, याला आजवर एकही तक्रार नाही," आणि लगेच त्याहून महागडा काढून दाखवला. घेतला. तरी तेच. मग बफर, म्हणजे आवाज बाहेर पडण्याआधी साठवायच्या नमुन्यांचा आकडा, 128 चा 256 केला. सेकंदाला 48000 नमुने धरले तर साधारण 5.3 मिलिसेकंद उशीर, बोटांना कळतसुद्धा नाही. अडकणं तसंच राहिलं, पण स्ट्रिंग्जमधली बारीक तडतड गेली. हे आधीच करायला हवं होतं.

नंतर पॅनिक बटण जोडलं. कंट्रोलर 123, ऑल नोट्स ऑफ, म्हणजे 'सगळे सूर सोडा'. गंमत म्हणजे नेमका पेडल दाबलेला असेल तर 123 ने सूर थांबत नाही, पेडल सुटेपर्यंत तो धरलेलाच राहतो. 120 म्हणजे ऑल साउंड ऑफ (आवाज तिथल्या तिथे बंद) लावलं, तर आवाजाचा असा कडेलोट झाला की निवेदिका वाक्याच्या मध्येच गप्प. गायिका म्हणाली, "दादा, तो भोंगा चालू होता तोच बरा होता हो." उपाय बाद.

शेवटी मिडी मॉनिटर, म्हणजे कुठले मिडी संदेश जाताहेत ते दाखवणारी खिडकी, लावून बसलो. इथेही आधी भलतीकडेच गेलो. स्क्रीनवर नोट ऑन, नोट ऑन, नोट ऑन. नोट ऑफ, म्हणजे की सुटल्याचा संदेश, एकही नाही! म्हटलं, सापडला चोर, कीबोर्ड नोट ऑफ पाठवतच नाही. विकायला काढायचा म्हणून फोटोही काढले. मग शेजारचा रकाना बघितला: व्हेलॉसिटी (की किती जोरात दाबली तो आकडा) 0. अरे! व्हेलॉसिटी 0 ची नोट ऑन म्हणजे नोट ऑफच. 1983 पासूनचा नियम. स्टेटस बाइट (संदेश कसला आहे ते सांगणारा) परत परत पाठवायला लागू नये म्हणून केलेली काटकसर. मला हे दहा वर्षांपासून माहीत आहे. असो. फोटो डिलीट केले.

आणि मग काल रात्री सहज, घरी पहिल्यांदाच, तालमीतला क्रम जसाच्या तसा केला. एक गाणं संपतं. निवेदन सुरू होतं. निवेदनाखाली मी डाव्या हाताने षड्ज धरून ठेवतो. तेवढ्यात उजव्या हाताने पुढच्या गाण्याची पट्टी लावतो. हे मी घरी कधी करतच नाही, कारण घरी निवेदन करायला कोण बसलंय? काळी एक वरून काळी चार, म्हणजे उणे 5, पाच अर्धस्वर खाली. मॉनिटरवर दोन ओळी:

नोट ऑन 49, व्हेलॉसिटी 71.
नोट ऑन 44, व्हेलॉसिटी 0.

दाबताना 49 गेला, सोडताना 44. मधे पट्टी बदलली, आणि माझ्या स्क्रिप्टने सोडतानाही इमानेइतबारे 5 वजा केले. जो 44 कधी वाजलाच नाही त्याला 'थांब' सांगितलं, आणि 49 बिचारा वाट बघत बसला. मिडीत ऑन आणि ऑफची गाठ फक्त चॅनल आणि नोटच्या आकड्याने बांधलेली असते. आकडा चुकला की गाठ सुटली.

उपाय देवळाबाहेरच्या चपलांच्या बिल्ल्यासारखा. मोझेकमध्ये, म्हणजे मिडीच्या स्क्रिप्ट लिहायच्या ॲपमध्ये, 128 खणांचा ॲरे (आकडे ठेवायचा तक्ता) केला. की दाबली की बेरीज-वजाबाकी करून नोट पाठवायची आणि पाठवलेला आकडा त्या कीच्या खणात लिहून ठेवायचा. की सुटली की गणित करायचं नाही, खणात जो आकडा असेल तोच बंद करायचा. ब्राम बॉसने मोझेकची भाषा इतकी सोपी ठेवली आहे की प्रोग्रामिंगचा गंध नसलेल्या माझ्यासारख्यालाही वीस मिनिटांत जमलं. ज्यांच्याकडे नाही त्यांनी घ्याच. चाळीस वेळा की धरून पट्टी बदलली, एकदाही अडकलं नाही.

आणि एक फुकटचा लाभ! आता धरलेला काळी एकचा षड्ज सोडेपर्यंत खराच टिकतो, आणि उजव्या हाताला पेटी नव्या पट्टीत मिळते. काळी चारचा शुद्ध मध्यम म्हणजे काळी एकच. म्हणजे जुना सा आपोआप नव्या गाण्याचा मध्यम होऊन खाली दरवळत राहतो, आणि डावा हात उचलून नवा सा धरला की गाणं अलगद घरी येतं. मी हे रात्री बारा वाजता आठ-दहा वेळा केलं. शेवटी आतून हाक आली, मग हेडफोन.

पेडलचंही आवरलं. 64, म्हणजे सस्टेन पेडलचा कंट्रोलर, फक्त स्ट्रिंग्जला, पेटीला नाही. पेटीला कुठे पेडल असतो? मात्र पेडल सुटल्याचा 0 दोघांनाही जाऊ देतो, उगाच जोखीम नको. पेटीची व्हेलॉसिटी 100 वर पक्की केली. खरी पेटी बोट किती जोरात पडलं ते बघत नाही, भाता बघते. भात्यासाठी कंट्रोलर 11 वर एक्स्प्रेशन पेडल (आवाज कमी-जास्त करणारा) जोडायचा विचार होता, तो सध्या बाजूला, कारण हे लिहिता लिहिता एक लक्षात आलं.

जे पट्टीचं तेच स्प्लिटचं! स्प्लिट मधेच हलवला तर 54 ची नोट ऑन पेटीला जाणार आणि ऑफ स्ट्रिंग्जला. म्हणजे खणात नुसता आकडा नाही, कुठल्या चॅनलला पाठवला तेही लिहायला हवं. आणि ते लिहायचंच असेल तर ऑममधल्या कीच्या मर्यादांची गरजच काय? सगळी वाटणी मोझेकमध्येच करतो: पेटी चॅनल 1, स्ट्रिंग्ज 2, ऑममध्ये फक्त चॅनल फिल्टर. मग गाण्यागणिक स्प्लिट हवा तिथे. डावीकडे नुसता सा-प धरायचा असेल तर 48 ला कापायचं आणि पेटीला साडेतीन सप्तकांच्या जागी... नाही, थांबा, 48 ला कापलं तर काळी एकचा खालचा सा, 49, पेटीत जातो. 50 ठेवतो.

वेगळा 25 कीचा छोटा कीबोर्ड घ्यायचा बेत त्यामुळे रद्द. घरी अजून सांगितलेलं नाही, ते पैसे एक्स्प्रेशन पेडलला वळवता येतील.

रविवारी पूर्ण तालीम आहे. त्याआधी मोझेकच्या पॅडना (पडद्यावरच्या बटणांना) पट्ट्यांची नावं द्यायची आहेत, कारण अंधाऱ्या स्टेजवर 'उणे 5' वाचून काळी चार आठवत नाही. तबलजींना फोन करून सांगितलं, यंत्र आता जुन्या पट्टीत अडकत नाही. ते म्हणाले, "बरं. आता मधल्या मिश्र दादऱ्यात तुमचा डावा हात लयीत येतो का, तेवढं बघा."