दिवस चौथा: फर्नांदिना, लायफर (आयुष्यात पहिल्यांदाच दिसलेले पक्षी) तीन, धड फोटो एकाचाच

पहाटे डेकवर आले तेव्हा ला कुंब्रे ज्वालामुखीचं डोकं ढगात होतं. २०२४ च्या मार्चमध्ये फुटलेला हाच तो. पॅसिफिकमधल्या गालापागोस बेटांतलं फर्नांदिना हे सगळ्यात तरुण बेटांपैकी एक. पुंता एस्पिनोसाला उतरलं की पायाखाली दोरखंडासारखा पीळ पडलेला काळा लाव्हा. आपला सह्याद्रीही बेसाल्टचाच, पण त्यावर साडेसहा कोटी वर्षांची माती आणि झाडी. इथे लाव्हा-निवडुंग सोडला तर दगडावर हिरवं फारसं नाही.

समुद्री इग्वाना एकावर एक रचून ठेवल्यासारखे पसरलेले. नाकातून फिस्स् करून मीठ उडवतात. दोन मीटरचं अंतर पाळूनही वाऱ्यासोबत आलेले पांढरे ठिपके माझ्या लेन्सच्या फिल्टरवर बसलेच.

मागच्या नोंदीत ठरवलं होतं, यादी फुगवत धावायचं नाही, रोज एका पक्ष्याला वीस मिनिटं द्यायची. गाईडला सोडून मागे राहता येत नाही, पण बाकीचे इग्वानांपाशी रमले आणि न उडणाऱ्या पाणकावळ्याचं घरटं वाटेलगतच होतं. जगात हा फक्त इथे आणि शेजारच्या इसाबेलाच्या किनाऱ्यावर. जमिनीवर मागे लागणारं कोणी नाही, थंड प्रवाहामुळे मासे दाराशी, मग पंख कशाला पोसायचे? डोळे मात्र फिरोजी, खड्यासारखे. जोडीदार पाण्यातून शेवाळाचा लोंबता झुपका घेऊन आला. घरट्यावरच्याने तो घेतला, डावीकडे खोचला, उपसला, उजवीकडे खोचला. मग आलेल्याने ते फाटक्या छत्रीसारखे पंख वाळवायला पसरले, अगदी पुण्याजवळच्या कवडीपाटच्या आपल्या पाणकावळ्यासारखे. उडणं गेलं, सवय राहिली! वहीत सहा स्केचेस झाली, त्यातली दोन बघण्यालायक.

कॅमेऱ्याचं सांगायचं तर काळ्या दगडामुळे प्रकाश मोजणारा मीटर फसतो आणि फोटो पांढुरके येतात. एक्सपोजर एक स्टॉप कमी (म्हणजे प्रकाश निम्मा) केल्यावर पिसांतला तपकिरी रंग दिसायला लागला. फ्लॅशला बंदीच आहे.

गालापागोस ससाणा ओंडक्यावर बसलेला, पाठमोरा. नोंद केली, पुढे गेलो.

दुपारी पांगातून (बोटीवरच्या छोट्या होडीतून) पेंग्विन दिसले, तीन. विषुववृत्तापाशी पेंग्विन बघताना हात थरथरले की होडी, कोण जाणे. १/५०० सेकंद शटर स्पीडला घेतलेले एकूण एक फोटो हललेत. उद्या १/२००० वर लावून बघते, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) वाढला तर वाढू दे.