घरपट्टीचं बिल आणि पीटी-३

आज सुट्टी होती म्हणून आई आणि मी टेबलावर पुणे मनपाचं मिळकत कराचं बिल पसरून बसलो आणि ओळ न ओळ वाचली, इतकी वर्षं बाबाच भरायचे ना, आता फ्लॅट माझ्या नावावर आहे. कर बाजारभावावर नसतो, घराला वर्षाला किती भाडं येऊ शकेल ते महापालिका धरते, त्यातून देखभालीसाठी ठराविक टक्के वजा करते, उरतं ते वार्षिक करपात्र मूल्य आणि सगळे टक्के त्यावर. सर्वसाधारण कर, सफाई, अग्निशमन, वृक्ष, शिवाय राज्य सरकारचा शिक्षण कर पण ह्याच बिलात!

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ४० टक्के सवलत. आपण स्वतः राहत असू तर मिळते, १९७० पासूनची आहे, मधे बंद झाली होती, २०२३ ला परत सुरू केली. पण १ एप्रिल २०१९ नंतर नोंद झालेल्या घरांना ती आपोआप लागत नाही, पीटी-३ फॉर्म भरावा लागतो, सोबत सोसायटीचं पत्र आणि राहत्या पत्त्याचा पुरावा. आमच्या बिल्डिंगमधे कितीतरी जणांना हे माहितीच नाहीये आणि हप्ते फेडत असलेल्या माणसासाठी ही रक्कम खरंच मोठी आहे, मला फार वाईट वाटलं ऐकून. बिल भरायची मुदत चुकली की महिन्याला २ टक्के शास्ती लागते ते वेगळंच.

बिल ऑनलाईन भरलं, पावती सेव्ह केली. आमच्या सोसायटीतल्या कुणाला पीटी-३ भरायचा असेल तर संध्याकाळी घरी या, बसून भरू.